लाकडी कोळसा पूर्वी कशाकशाला लागायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडी कोळसा आणि दगडी कोळसा एकच का?

नाही. दगडी कोळसा खाणीतून निघतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून तो जमिनीखाली तयार झाला. लाकडी कोळसा माणूस करतो, तोही काही दिवसांत. लाकडाला पुरेशी हवा न देता तापवले की त्यातले पाणी, डांबर आणि जळणारे वायू निघून जातात आणि मागे बहुतांशी कार्बन उरतो. मराठीत दोघांनाही नुसते ‘कोळसा’ म्हणायची सवय असल्याने जुने काही वाचताना घोटाळा होतो. गोष्ट लोहाराच्या भात्याची, सोनाराच्या मुशीची किंवा शेगडीची असेल तर बहुधा लाकडी, आगगाडीच्या इंजिनाची असेल तर बहुधा दगडी. तुकडा हातात असेल तर प्रश्नच नाही. लाकडी कोळसा वजनाला हलका लागतो आणि मोडलेल्या टोकाकडे निरखून पाहिले तर झाडाची वर्तुळे जशीच्या तशी दिसतात.

इथून पुढे कोळसा म्हणजे लाकडी कोळसा.

लाकूड तसेच जाळता येते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

नुसता उष्णतेचा हिशेब मांडला तर हा तोट्याचा व्यवहार आहे. एक किलो कोळसा साधारण दोन किलो वाळलेल्या लाकडाइतकी उष्णता देतो, पण तो एक किलो मिळवायला चार-पाच किलो लाकूड खर्ची पडते. मातीखालच्या खड्ड्याच्या जुन्या पद्धतीत तर आठ-दहा किलोही. तरीही हजारो वर्षे माणसाने हा तोटा राजीखुशीने सोसला.

कारण त्याला नुसती उष्णता नको होती. कोळशाला जवळजवळ धूर नसतो, ज्वाळा नसते, आच एकसारखी मिळते. भात्याने हवा मारली की लाकडाच्या जाळाला कधी न गाठता येणारे तापमान तो गाठतो. शिवाय वजन घटलेले असते, म्हणजे तेवढीच उष्णता पाठीवरून किंवा जनावरावरून नेणे सोपे. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, कितीही वर्षे ठेवा. दाट वस्तीत घराघरातून लाकडाचा धूर निघाला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको; शहरांना कोळसा परवडत होता म्हणण्यापेक्षा कोळशामुळे शहरे परवडत होती, असे मी म्हणेन.

पूर्वी कोळसा पाडायचे कसे?

ढीग रचून. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास या कामाचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते विसाव्या शतकातल्या जंगलातल्या भट्टीवाल्यालाही ओळखीचे वाटले असते.

जमीन सपाट करून मधोमध एक खांब उभा करत. त्याच्याभोवती सारख्या मापाची लाकडे दाटीवाटीने उभी रचत, कारण मधे पोकळी राहिली की तिथे हवा शिरते. घुमट तयार झाला की वर गवत-पाला आणि त्यावर ओली माती थापत. मग खांब उपसून काढायचा. त्याच्या जागी जे भोक राहील त्यात वरून निखारे सोडायचे आणि तोंड बंद करायचे. बुडाशी थोडी छिद्रे ठेवलेली असत. सगळे कसब पुढे.

कारण ढिगाच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. कळते ते धुरावरून. सुरुवातीला पांढरा, दाट धूर येतो. तो खरे तर लाकडातले पाणी, म्हणजे वाफच. नंतर तो पिवळसर आणि डोळ्यांना झोंबणारा होतो, तेव्हा डांबर निघत असते. शेवटी विरळ निळी रेघ राहिली की काम झाले, आणि लगेच छिद्रे बुजवायची. थोडा जरी उशीर झाला तरी आतला कोळसाच जळू लागतो. लहान ढिगाला तीन-चार दिवस लागत, मोठ्याला दोन आठवडे. या सगळ्या काळात रात्रंदिवस पहारा लागे. मातीला भेग पडली, ढीग एका बाजूने खचला की ताबडतोब ओली माती लिंपायची, नाहीतर सकाळपर्यंत राखेचा ढिगारा. युरोपात काही ठिकाणी राखणदार एकाच पायाच्या स्टुलावर बसत, म्हणजे डुलकी लागली की माणूस खाली. गजराचे घड्याळ म्हणून याहून स्वस्त काही सुचत नाही.

चांगला उतरलेला कोळसा ओळखायची खूण आजही तीच आहे. दोन तुकडे एकमेकांवर हलके वाजवा. खणखणीत, जवळजवळ धातूसारखा आवाज आला तर तो पुरता भाजला गेला आहे. आवाज बोदा आला तर आत लाकूड शिल्लक आहे, आणि तो पेटवला की धूर काढणार.

कोळसे पाडणारे लोक वस्तीपासून दूर का राहत?

लाकूड जिथे तिथे भट्टी. चार-पाच किलो लाकूड गावात वाहून आणण्यापेक्षा जंगलातच एक किलो कोळसा करून तोच आणणे शहाणपणाचे. पण ढिगाला रात्रभर सोडून जाता येत नाही, म्हणून भट्टीवाल्यांची कुटुंबेच्या कुटुंबे हंगामभर जंगलात झोपड्या टाकून राहत. काळे हात, धुराचा वास, वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर, यामुळे गावकऱ्यांना त्यांच्याविषयी संशयच वाटे. ज्या लोहाराला मान होता त्याची भट्टी यांच्या जिवावर चालायची, हे फारसे कोणी बोलून दाखवत नसे.

त्यांनी लिहून काही ठेवले नाही, पण जमिनीवर खूण मात्र राहिली. जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या जंगलांची विमानातून लेझरने मोजणी केली तेव्हा झाडीखाली हजारो गोल सपाट चकत्या दिसल्या. प्रत्येक चकती म्हणजे एकेकाळी कोळशाचा ढीग रचलेली जागा.

कोळसा वापरात आला कधीपासून?

वापर म्हणजे काय, यावर ते अवलंबून आहे. फ्रान्समधल्या शोवे गुहेतली घोडे, सिंह, गेंडे यांची काळी चित्रे पाइनच्या कोळशाने काढलेली आहेत आणि त्यांतली सर्वांत जुनी साधारण ३६,००० वर्षांपूर्वीची मानली जातात. ते कोळसे मुद्दाम पाडलेले नसावेत, शेकोटीतून उचललेले असतील. ठरवून, भट्टी लावून कोळसा पाडायची खरी गरज निर्माण केली ती तांब्याने. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि खनिजातून ते काढायला तेवढीच तीव्र, स्वच्छ आच लागते. म्हणजे धातुयुगांना तांब्या-लोखंडाची नावे मिळाली, पण ती सगळी कोळशाचीही युगे होती.

घरात कोळशाचे काम काय असे?

ऊब, इस्त्री आणि विस्तव राखून ठेवणे. धुराडे नसलेल्या घरात ऊब हवी तर निखाऱ्यांचे भांडे हाच उपाय होता आणि तो जगभर वेगवेगळ्या आकारांत सापडतो. जपानमध्ये राखेने भरलेले हिबाची, काश्मीरमध्ये फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या आत धरायची कांगडी, सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये पायाखाली ठेवायची भोकांची लाकडी पेटी. तत्त्व एकच: थोडे निखारे, वर राख. राख हवा अडवते आणि निखारा सावकाश जळतो.

कोळशाच्या इस्त्रीतही तीच करामत, फक्त उलट्या दिशेने. बिजागरीच्या झाकणाखाली निखारे भरायचे, बाजूच्या भोकांतून हवा आत जाते, आणि आच मंदावली की इस्त्री हातात धरून दोन-चार झोके द्यायचे. आतले निखारे पुन्हा लाल. कपड्यावर ठेवायच्या आधी तळ ओल्या फडक्यावर फिरवायचा. एक ठिणगी भोकातून उडाली तर पांढऱ्या सदऱ्यावर कायमचा ठिपका, त्यामुळे हे काम घाईत करणाऱ्याचे नव्हते.

आगपेटी येण्यापूर्वी विस्तव जपणे हेही एक रोजचे कामच होते. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा गोठलेला देह सापडला, ज्याला ओट्झी म्हणतात. त्याच्याजवळ बर्च झाडाच्या सालीचा डबा होता आणि त्यात मेपलच्या हिरव्या पानांत गुंडाळलेले कोळशाचे कण. तो खिशात आगपेटी टाकावी तसा विस्तव बरोबर घेऊन निघाला होता.

लोहाराला कोळशाशिवाय का चालत नसे?

कारण लोखंडाच्या कामात कोळसा नुसता जळण नसतो, तो कच्चा मालही असतो. लोखंडाच्या खनिजात लोखंड प्राणवायूशी बांधलेले असते. भट्टीत कोळसा अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो तो हा प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात, जुन्या भट्ट्या तिथवर पोचत नसत. त्यांतून निघे तो स्पंजासारखा, मळी भरलेला गोळा. तो लालबुंद असताना ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची. दिल्लीतला सहा टनांहून जड, सुमारे १,६०० वर्षे उभा असलेला लोहस्तंभ अशाच, कोळशावर काढलेल्या लोखंडाचा आहे.

दुसरी गोष्ट पोलादाची. लोखंडात थोडासा कार्बन मुरला की पोलाद होते, आणि तो कार्बन येणार कोळशातून किंवा लाकूड-पाल्यातून. दक्षिण भारतात बंद मुशीत लोखंडाबरोबर लाकडाचे तुकडे आणि पाने घालून ती तापवत. त्यातून निघालेले पोलाद ‘वूट्झ’ नावाने दूरदूर जात असे.

दगडी कोळसा वापरून का नाही भागले? त्यातले गंधक लोखंडात उतरते आणि लोखंड ठिसूळ होते. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळसा आधी भाजून, म्हणजे त्याचा कोक करून, झोतभट्टीत वापरला आणि वाट मोकळी झाली. तरी जुना कोळसा एका रात्रीत गेला नाही. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या लाकडाचा कोळसा पाडून आजही लोखंड काढतात.

मग जंगले कोळशानेच संपवली, हे खरे का?

अर्धे खरे. भट्ट्यांची भूक प्रचंड होती आणि लोकांना ती दिसत होती; इंग्लंडच्या संसदेने १५५८ च्या सुमारासच कायदा करून नदी-समुद्राजवळची मोठी झाडे लोखंडाच्या कोळशासाठी तोडायला बंदी घातली, कारण तेच लाकूड जहाजांना हवे होते. पण ज्याची भट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालायची आहे तो स्वतःचे रान उजाड करत नाही. पुष्कळ ठिकाणी झाड बुंध्याशी कापत, फूट येऊ देत आणि दहा-वीस वर्षांनी पुन्हा तीच फांदी कोळशाला घेत. कोळशाला जाड खोड लागतही नाही, मनगटाएवढी लाकडे उत्तम. शिवाय कोळसा ठिसूळ, गाडीतून लांब नेला तर त्याचा चुरा होतो, म्हणून भट्टीला आपल्या आसपासचेच रान पुरवून वापरावे लागे. जंगल कायमचे गेले ते बहुतेक ठिकाणी नांगर फिरला म्हणून.

न जाळता कोळशाचा काय उपयोग होता?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि मला सर्वांत आवडतो. कोळसा एकदा झाला की त्याला खायला कोणी धजत नाही: ना बुरशी, ना किडे, ना ओल. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाला लावतो, पण कोळशाच्या बाजूने पाहिले तर ते प्रमाणपत्रच आहे.

रोमन काळात जमिनीची हद्द ठरवताना हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत. दगड कोणी हलवला तर कित्येक वर्षांनीही खाली खणून खरी जागा दाखवता यावी, म्हणून. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने या प्रथेचा उल्लेख करताना आश्चर्य व्यक्त केले आहे की विस्तवाने इतका ठिसूळ केलेला पदार्थ ओलीत मात्र टिकतो. शेजाऱ्याचा बांध सरकतो ही तक्रार किती जुनी आहे, हेही त्यातून कळते.

एफिसस इथले आर्टेमिसचे भव्य मंदिर दलदलीत बांधायचे होते, तेव्हा पायाखाली कोळसा तुडवून दाबला आणि त्यावर मेंढ्यांची लोकर पसरली, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. चीनमध्ये मावांगदुई इथे १९७२ मध्ये उघडलेल्या, २,१०० वर्षांपूर्वीच्या एका सरदारपत्नीच्या कबरीत शवपेट्यांभोवती सुमारे पाच टन कोळशाचा थर होता आणि त्याबाहेर पांढऱ्या चिकणमातीचा. आतला देह इतका शाबूत होता की हातपाय वाकवता येत होते. हवाबंद करण्याचे मुख्य काम मातीचे. ओल शोषण्याचे कोळशाचे.

पाण्याचीही तीच कथा. लांबच्या समुद्रप्रवासात लाकडी पिंपातले पाणी काही आठवड्यांत घाण मारू लागे. पिंप आतून जाळून कोळपवले तर पाणी बरेच दिवस पिण्याजोगे राहते, हे नाविकांनी वापरून पाहिले. सेंट पीटर्सबर्गच्या टोवियास लोविट्झने १७८५ मध्ये कोळसा द्रवांतला रंग काढून घेतो हे दाखवले आणि या अनुभवाला प्रयोगशाळेचा आधार मिळाला. मात्र कोळसा वास, रंग आणि काही रसायने ओढतो. रोगजंतू मरतात असे समजून गढूळ पाणी नुसत्या कोळशातून गाळून पिऊ नये.

कोळसा वास आणि विष ‘ओढतो’ म्हणजे काय होते?

लाकडातल्या नळ्या आणि पेशींची पोकळी कोळशात तशीच राहते, त्यामुळे तो सगळा छिद्रांचाच बनलेला असतो. या छिद्रांच्या भिंतींवर दुसरे रेणू चिकटून बसतात. वाफेने किंवा रसायनाने ही छिद्रे आणखी मोकळी केली की त्याला सक्रिय कोळसा म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. चिमूटभर काळी पूड आणि तिच्यात चांगले चार टेनिस कोर्ट.

एकोणिसाव्या शतकात तुएरी नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने जाणकारांसमोर प्राणघातक मात्रेच्या कित्येक पट स्ट्रिकनीन हे जहाल विष कोळशात कालवून गिळले आणि तो जगला. धाडस म्हणावे की वेडेपणा, ठरवणे अवघड. आजही विषबाधेत डॉक्टर सक्रिय कोळसा देतात, पण वेळ आणि विष पाहून. आम्ल, अल्कोहोल, लोह यांवर त्याचा उपयोग होत नाही. चुलीतला कोळसा घरच्या घरी देणे हा उपचार नव्हे.

दात घासायला कोळसा चांगला होता का?

होता, कारण दुसरे फारसे काही नव्हते. डाग निघतात ते घासल्यामुळे. पण जाड पूड दाताचे वरचे कवचही खरवडते आणि ते परत येत नाही.

चित्रकार कोळसा कसा वापरत?

विलो किंवा द्राक्षवेलीच्या बारीक काड्या बंद भांड्यात भाजून. ही रेघ बोटाने पुसता येते, म्हणून आधीची आखणी कोळशाने आणि नंतर रंग. इटलीत भिंतीवर मोठे चित्र काढताना आणखी एक युक्ती होती: कागदावरच्या रेखाटनाच्या रेषांवर सुईने भोके पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलके आपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेघ. रांगोळीचा छापा ज्याने वापरला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. (काळी शाई मात्र बहुधा काजळीची असे, कोळशाची नव्हे.)

बंदुकीच्या दारूत कोळसा कशाला?

जळायला. नवव्या शतकात चीनमध्ये सुरू झालेल्या या मिश्रणात पुढे ठरून गेलेले प्रमाण असे: सोरा ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो. इथे लाकूड निवडून घ्यावे लागे. विलो, आल्डर अशा हलक्या लाकडाचा कोळसा लवकर पेटतो, कठीण लाकडाचा आळशी.

अलीकडच्या काळात कोळशासाठी अख्खा समाज कामाला लागला, असे कधी झाले?

पहिल्या महायुद्धात. विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत सक्रिय कोळसा लागे, आणि नारळाची करवंटी व पीच फळाच्या कठीण बिया यांचा कोळसा त्याला उत्तम. अमेरिकेत १९१८ मध्ये लोकांना बिया फेकू नका, साठवून द्या असे आवाहन केले गेले; एका मुखवट्याला साधारण दोनशे बिया लागतात, असा हिशेब सांगितला जाई. शाळकरी मुले घरोघर जाऊन बिया गोळा करत.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा युरोपात लाखो मोटारी आणि ट्रक लाकडावर किंवा कोळशावर चालले. मागे बंबासारखी टाकी, तीत कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो वायू इंजिनात. निघायच्या आधी टाकी पेटवून थांबावे लागे आणि चढावर गाडी धापा टाकी.

शेतात कोळसा घालत का?

ॲमेझॉनच्या खोऱ्यात घालत. तिथली जमीन मुळात निकस, पण जुन्या वस्त्यांच्या जागी काळ्याभोर सुपीक मातीचे पट्टे सापडतात. कोळसा, हाडे, खापऱ्या, उष्टे-खरकटे मिसळून ती तयार झाली आहे, आणि काही पट्टे दोन हजार वर्षांहून जुने आहेत. त्यातला किती भाग जाणूनबुजून आणि किती उकिरड्याची कृपा, यावर वाद आहे. कोळशाची छिद्रे पावसात वाहून जाणारी खते धरून ठेवतात, एवढे नक्की.

पुरातत्त्वज्ञ कोळशाच्या तुकड्यामागे का लागतात?

तो टिकतो, आणि त्यात तारीख असते. झाड जगताना हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ घेते. मेले की तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. विलर्ड लिबीने १९४९ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९६० मध्ये त्याला नोबेल मिळाले. साधारण ५०,००० वर्षांपर्यंत ती चालते. यात एक गोम आहे. कळते ते लाकूड वाढले तेव्हाचे वर्ष, चूल पेटली तेव्हाचे नव्हे. तीनशे वर्षांच्या झाडाचा गाभा जाळला तर चूल आहे त्याहून तीनशे वर्षे जुनी ठरू शकते, म्हणून जाणकार डहाळ्यांचा किंवा जळक्या धान्याचा तुकडा आधी शोधतात.

जुन्या पद्धतीने खोलीत निखारे ठेवून ऊब घेतली तर चालेल का?

बंद खोलीत अजिबात नाही. लोखंड मोकळे करणारा आणि मोटार चालवणारा तोच कार्बन मोनॉक्साइड इथे माणूस मारतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसत नसल्याने संशयही येत नाही. रोमन सम्राट जुलियन चौथ्या शतकात पॅरिसच्या हिवाळ्यात खोलीत निखारे ठेवून झोपला आणि गुदमरून मरता मरता वाचला. त्यानंतर गादीवर आलेला जोव्हियन ३६४ मध्ये झोपेतच गेला, तेव्हाही खोलीतल्या कोळशाच्या वाफेकडे बोट दाखवले गेले. कारण कळायला १८५७ उजाडले: हा वायू रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो, हे क्लोद बर्नारने दाखवून दिले. जुन्या घरांच्या फटींतून आणि छपरांतून वारा फिरत असे. आजची खिडकी घट्ट बसते. राख पसरलेली शेगडी विझल्यासारखी दिसली तरी आतला निखारा रात्रभर हा वायू सोडत राहतो, तेव्हा झोपण्याआधी ती घराबाहेर ठेवा.